पतीची शुश्रूषा आणि माझी ढासळती प्रकृती : आधी कशाला हात घालावा?

मालवकन्या (राजेंद्रनगर, इंदूर)

सप्रेम नमस्कार.

माझे वय ६१ आहे आणि यजमान ६७ वर्षांचे आहेत. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणे जवळजवळ गेले, समज मात्र पूर्ण शाबूत आहे. पहिल्या सहा महिन्यांत जी सुधारणा व्हायची ती झाली. आता आहे ती स्थिती टिकवायची, असे डॉक्टर सांगतात. मुलगा बंगळुरूला आणि मुलगी नागपूरला असते. दोघेही फोन करतात, पैसे पाठवतात, सणावाराला येऊन जातात, त्यामुळे त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. येथे लिहीत आहे ते माझ्या स्वतःच्या प्रकृतीविषयी, कारण घरात तो विषय काढला की दोन वाक्यांतच बोलणे यजमानांच्या प्रकृतीकडे वळते.

रुग्णालयातून घरी सोडताना त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवण्यास सांगितले होते, म्हणून मी रात्री गजर लावून उठते. सकाळी शौचासाठी, मग आंघोळीसाठी आणि दुपारी खुर्चीत बसवण्यासाठी त्यांना दिवाणावरून उचलावे लागते. त्यांचे वजन ७४ किलो आणि माझे ५२. मी त्यांच्या दोन्ही काखांत हात घालते, ते डाव्या हाताने माझ्या मानेला विळखा घालतात आणि मी त्यांना छातीशी धरून वर ओढते. त्यांचा उजवा पाय फरशीवर घसरू लागला तर तो मला माझ्या पायाने अडवून धरावा लागतो आणि तेवढा वेळ दोघांचाही श्वास रोखलेला असतो.

आता माझे सांगते. कंबर सतत दुखते आणि उजव्या मनगटात ताकद राहिलेली नाही. रक्तदाब मागच्या खेपेस १५६/९४ भरला. मधुमेह मला पूर्वीपासून आहे, पण तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.९ वरून ८.७ वर गेली आहे. यजमानांच्या गोळ्या मी वारानुसार डबीत लावून ठेवते आणि माझ्या घ्यायच्या राहून जातात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलत आले आहे. आणखी एक गोष्ट लिहिताना संकोच वाटतो, तरी लिहिते : उचलताना ओटीपोटात खाली ओढ लागते, संध्याकाळपर्यंत अंग बाहेर येत असल्याची जाणीव होते आणि खोकले की लघवीचे थेंब जातात. हे मी अद्याप मुलीलाही सांगितलेले नाही.

मनाविषयी थोडेच लिहिते. सानंद या येथील मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाटकांना जाणे सुटले त्याचे फारसे वाईट वाटत नाही, मात्र मैत्रिणींनी "येतेस का?" असे विचारणेच सोडून दिले, त्याचे वाटते. नातेवाईक म्हणतात, "तुझ्यासारखी सेवा कोणी करणार नाही." एवढे कौतुक झाल्यावर "मला आता जमत नाही" असे म्हणायला तोंड राहत नाही. मध्यंतरी घरी मदतनीस पुरवणाऱ्या एका ब्यूरोकडून बाई ठेवून पाहिली होती. ती कामाला वाईट नव्हती, पण ती अंगाला हात लावू लागली की हे भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून घेत, जेवणही नाकारत. शेवटी तिला निरोप दिला.

जाणकारांनी दोन गोष्टी सांगाव्यात. माझ्या शरीराचे जे चालले आहे ते वयामुळे की या कामामुळे? आणि सगळेच एकदम बदलता येणार नाही, तेव्हा आधी कशाला हात घालावा?

---

व्यायामोपचार (इंदूर)

मालवकन्याताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि पक्षाघाताच्या रुग्णांना घरी जाऊन व्यायाम देण्याचे काम बरीच वर्षे करत आहे. रुग्ण थोडा स्थिरावला की काही महिन्यांत त्याच घरातील दुसरी व्यक्ती कंबर धरून माझ्यापुढे उभी राहते, आणि ती बहुधा पत्नीच असते. त्यामुळे तुमच्या पत्रातील एकही तक्रार मला नवीन वाटली नाही.

वय आणि काम यांचा हिशेब पूर्णपणे वेगळा काढता येत नाही, परंतु कामाचा वाटा किती मोठा आहे हे एका आकड्यावरून लक्षात येईल. थॉमस वॉटर्स या अमेरिकन संशोधकाने २००७ मध्ये परिचारिकांसाठी रुग्ण उचलण्याची जी मर्यादा मांडली, ती सुमारे १६ किलोंची आहे, आणि तीदेखील रुग्ण सहकार्य करणारा व परिस्थिती अनुकूल असताना. यजमान डाव्या पायावर थोडा भार घेत असतील, तरी त्यांच्या ७४ किलोंपैकी तुमच्या कंबरेवर येणारा वाटा या मर्यादेच्या कितीतरी पुढे जातो. तिशीतल्या प्रशिक्षित मुलीलाही जे करू नये असे सांगितले जाते, ते तुम्ही रोज करत आहात. म्हणून कंबरेला पट्टा बांधा, ताकद वाढवा, असा सल्ला मी देणार नाही. उचलणेच बंद करायचे आहे.

काखेत हात घालून ओढणे तुमच्याइतकेच त्यांनाही घातक आहे. लुळ्या बाजूच्या खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात, त्यामुळे तेथे ओढ बसली की दंडाचे हाड खोबणीतून खाली सरकते आणि पुढे तो खांदा कायमचा दुखरा होतो. त्यांनी तुमच्या मानेला विळखा घालणेही थांबवायला हवे, कारण ते घसरले तर त्यांचा सगळा भार तुमच्या मानेच्या मणक्यांवर येईल.

आपल्याकडील दिवाण बहुधा बुटके असतात आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते. पलंग व कमोडची खुर्ची एकाच उंचीवर असली तर माणसाला वर उचलावे लागत नाही, आडवे सरकवता येते. सुताराकडून दिवाणाच्या पायांखाली खोबणीचे लाकडी ठोकळे बसवून घ्या. कमोडची खुर्ची अशी घ्या की जिचा एका बाजूचा हात काढता किंवा खाली पाडता येतो आणि जिच्या चाकांना ब्रेक आहेत. ही खुर्ची त्यांच्या डाव्या, म्हणजे धडधाकट, बाजूला लावा. परत येताना खुर्ची अशी फिरवा की पलंग पुन्हा त्यांच्या डाव्या हाताला येईल. ही दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि घसरण्याचे प्रसंग परतीच्या वेळीच येतात. त्यांच्या कमरेला कड्या असलेला रुंद पट्टा बांधून तोच धरायचा. त्यांना पलंगाच्या कडेपर्यंत पुढे आणायचे, पाय मागे घेऊन घट्ट टेकवायचे, आणि नाक गुडघ्यांच्या पुढे येईपर्यंत वाकायला सांगायचे. माणूस पुढे वाकला की त्याचे बूड आपोआप हलके होते आणि डाव्या पायावर भार घेऊन तो स्वतःच अर्धे काम करतो. तुमचे गुडघे त्यांच्या उजव्या गुडघ्यासमोर टेकलेले ठेवा, म्हणजे तो दुमडणार नाही. पायांत तळव्याला पकड असणाऱ्या चपला हव्यात. अनवाणी किंवा नुसते मोजे नकोत. एखाद्या फिजिओकडून हे सगळे घरीच, तुमच्याच दिवाणावर, प्रत्यक्ष करवून घ्या. वाचून शिकण्याचे हे काम नव्हे. त्यांना पायावर अजिबात भार घेता येत नसेल, तर हातपंपाने उचलणारी झोळीची लिफ्ट भाड्याने मिळते, ती घ्यावी.

रात्रीविषयी. दर दोन तासांचा नियम शय्याव्रण, म्हणजे एकाच अंगावर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून आहे आणि साध्या गादीवर तो योग्यच आहे. परंतु उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१४ मधील मार्गदर्शनात साधारण जोखमीच्या रुग्णाची स्थिती निदान सहा तासांनी आणि जास्त जोखमीच्या रुग्णाची निदान चार तासांनी बदलावी, असे म्हटले आहे. यजमान डाव्या हातापायाने स्वतः थोडे सरकू शकत असतील, दाब बदलणारी हवेची गादी घेतली असेल आणि माकडहाड, टाचा व नितंबाची हाडे यांवरील कातडी रोज तपासली जात असेल, तर रात्रीचे अंतर वाढवता येईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारा. कातडीवर तांबूस चट्टा दिसला आणि बोटाने दाबूनही तो फिका पडला नाही, तर अंतर पुन्हा कमी करायचे. घरी सोडताना दिलेली सूचना तुम्ही आजवर तशीच पाळत आहात आणि ती पुन्हा कोणी तपासून पाहिलेली नाही, असे मला वाटते. चार तास अखंड झोप मिळू लागली तर तुमची साखर आणि रक्तदाब या दोहोंवर फरक दिसेल. तुटक झोपेने आणि सततच्या ताणाने शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते आणि इन्सुलिनचा परिणाम घटतो, केवळ गोळ्या चुकल्यामुळेच साखर चढते असे नाही.

ओटीपोटाच्या तक्रारीविषयी तुम्ही लिहिलेत हे फार चांगले केले. ही गर्भाशय खाली सरकण्याची लक्षणे असू शकतात. बाळंतपणे आणि रजोनिवृत्ती यांनी ओटीपोटाचा तळ सैल झालेला असतोच, त्यात रोजचे जड उचलणे आणि बद्धकोष्ठ यांची भर पडते. येत्या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि तेथे "मी रोज माणूस उचलते" हे वाक्य आवर्जून सांगा, कारण तुम्ही सांगितल्याशिवाय ते त्यांना कळणार नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : आधी उचलणे, मग रात्र, बाकीचे त्यानंतर. पिट्सबर्गच्या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शुश्रूषेचा ताण जाणवणाऱ्या वृद्ध जोडीदारांत चार वर्षांतील मृत्यूचा धोका शुश्रूषा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळला होता. हा आकडा घाबरवण्यासाठी लिहीत नाही. "माझे काय, चालायचेच" असे तुम्ही म्हणू नये, इतकाच हेतू आहे.

---

सरासरी (इंदूर)

संख्याशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि आता पत्नीच्या शुश्रूषेत दिवस जातो. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू व मज्जारज्जूचा दीर्घकालीन आजार आहे. वरील प्रतिसादातील व्यावहारिक भाग अत्यंत मोलाचा आहे, परंतु ६३ टक्क्यांचा आकडा वाचून कोणी अर्धवट निष्कर्ष काढू नये म्हणून थोडे लिहितो.

त्या अभ्यासातील जोडीदार ६६ ते ९६ वर्षांचे होते. वाढीव धोका आढळला तो शुश्रूषा करणाऱ्या आणि तिचा ताण जाणवणाऱ्या गटात. शुश्रूषा करूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात ठळक वाढ नव्हती. पुढे २०१३ मध्ये डेव्हिड रॉथ व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील साडेतीन हजार शुश्रूषाकर्त्यांची, वय, शिक्षण, आजार अशा बाबतींत त्यांच्याशी मिळत्याजुळत्या तितक्याच इतर लोकांशी तुलना केली, तेव्हा शुश्रूषा करणाऱ्यांमधील मृत्यूचा दर १८ टक्क्यांनी कमी निघाला. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना छेद देतात असे प्रथमदर्शनी वाटते. पण दुसऱ्या अभ्यासात आठवड्यातून काही तास आईला पाहणाऱ्या मुलापासून सगळेच आले आणि पहिल्यात एकाच छताखाली राहणारे वृद्ध पतिपत्नी होते. शिवाय मुळात ज्याची प्रकृती बरी असते त्याच्याच गळ्यात हे काम पडते, हाही भाग आहे. मी यातून इतकेच घेतो की शुश्रूषा माणसाला मारत नाही. विसावा नसलेली, एकट्याने ओढलेली शुश्रूषा मारते. म्हणून "तुम्ही आणखी किती सेवा करणार?" असे विचारणारे मला रुचत नाहीत. प्रश्न "कोणता भाग दुसऱ्याकडे द्यायचा?" असा असायला हवा.

ताण शरीरात उतरतो, याविषयी मात्र दुमत नाही. ओहायोमधील जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांचा १९९५ मधील एक लहानसा पण नेटका प्रयोग आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशाच वयाच्या इतर १३ स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखी जखम करण्यात आली. शुश्रूषा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. मधुमेह असलेल्या मालवकन्यावहिनींनी पायाला झालेल्या लहानशा जखमेकडेही दुर्लक्ष करू नये, हे या संदर्भात सांगावेसे वाटते.

ताण मोजण्यासाठी झॅरिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली वापरली जाते. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण असतात आणि एकूण ८८ पर्यंत जातात. ४० च्या पुढे गुण गेले तर डॉक्टरांशी बोलावे. ती भरताना काही प्रश्न आवडत नाहीत. जोडीदाराचा राग येतो का, असे सरळ विचारलेले असते. राग येतो, असे उत्तर लिहिल्याने प्रेम कमी होत नाही. उदासी, रडू येणे, कशातच गोडी न वाटणे हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर चोवीस तासांत केव्हाही बोलता येते. ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

थोडे विषयांतर, तरी लिहितो. मी पुरुष असल्यामुळे आमच्या घरी शेजारणी आठवड्यातून एकदोनदा भाजीचा डबा आणून देतात, नातेवाईक "तुम्ही किती करता हो" म्हणून अर्धा दिवस येऊन बसतात, आणि रंगपंचमीला एका मित्राने तर मला बळेच राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहायला पाठवून स्वतः घरी थांबून घेतले. हीच शुश्रूषा बाईने केली की ती तिच्या संसाराचा भाग धरली जाते आणि डबा कोणी आणत नाही. केंद्र सरकारच्या २०१९ मधील वेळ-वापर सर्वेक्षणात घरातील माणसांची विनामोबदला देखभाल करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे आणि पुरुष ७६ मिनिटे देतात, असे आढळले होते. वहिनींना डबा येत नसेल तर त्यांनी तो मागावा. संकोच वाटला तर मुलांनी इंदुरातल्या नातेवाइकांना फोन करून वार ठरवून द्यावेत. पैसे पाठवण्यापेक्षा हे काम अवघड आहे, म्हणूनच ते त्यांनी करावे.

---

चाकांची_खुर्ची (इंदूर)

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. अपघातात मणक्याला मार बसल्यापासून माझे कमरेखालचे शरीर चालत नाही आणि माझी पत्नी माझे सर्व करते.

येथे आतापर्यंत तीन जणांनी लिहिले, पण मालवकन्याकाकूंच्या यजमानांना काय वाटते हे कोणी विचारले नाही. काकूंनी स्वतःच लिहिले आहे की त्यांची समज शाबूत आहे. म्हणजे पत्नी कमरेवर हात ठेवून उठते, ओटा धरून उभी राहते, हे ते रोज पाहत असणार आणि त्यांना बोलून दाखवता येत नसणार. त्या जागी राहून माणूस काय करतो ते मी सांगतो. पत्नीला रात्री उठायला लागू नये म्हणून मी संध्याकाळी पाचनंतर पाणी पिणे बंद केले होते. तिला ते कळू नये म्हणून पेला तोंडाला लावून तसाच ठेवत असे. लघवी गढूळ झाली, ताप चढला, जंतुसंसर्ग झाला आणि शेवटी तिलाच रुग्णालयात माझ्या उशाशी बसून रात्री काढाव्या लागल्या. काकूंनी यजमानांच्या पाण्याकडे आणि लघवीच्या रंगाकडे जरूर लक्ष द्यावे. माझ्यासारखेच त्यांच्याही मनात चालले असण्याचा संभव आहे.

आमचा तिढा सुटला तो रात्रीपुरत्या बाहेरून बसवायच्या कंडोम कॅथेटरने, म्हणजे लघवी पिशवीत नेणाऱ्या नळीने, आणि पलंगाला अडकवलेल्या दोन लिटरच्या पिशवीने. पुरुषांसाठी ही सोपी सोय आहे. रोज बदलून कातडी धुवून कोरडी केली की बहुधा त्रास होत नाही. पक्षाघाताच्या रुग्णाला ती चालेल का, हे डॉक्टर सांगतील.

दुसरी गोष्ट ब्यूरोच्या बाईची. यजमान भिंतीकडे तोंड करत, याचा अर्थ त्यांना मदतनीसच नको असा घेतला गेला. मला शंका येते की त्यांना परक्या बाईकडून अंग धुऊन घेणे नको होते. पुरुष मदतनीस चालेल का, हे त्यांना विचारले होते का? बोलता येत नसले तरी मान हलवता येते, डाव्या हाताचा अंगठा वर-खाली करता येतो. प्रश्न एका वेळी एकच आणि हो-नाही असे उत्तर येईल असाच असावा, घाई करू नये, आणि त्यांच्या देखत त्यांच्याविषयी तिसऱ्या माणसाशी बोलू नये. निर्णय त्यांचाही आहे. माझ्या बाबतीत पहिली दोन वर्षे सगळे निर्णय माझ्या डोक्यावरून झाले आणि त्याने पत्नीचा भार उलट वाढला, कारण मी जे स्वतः करू शकत होतो तेही कोणी मला करू दिले नाही.

---

कायदेकानू (इंदूर)

पैशांच्या बाजूने थोडे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये शुश्रूषा करणाऱ्याची व्याख्या दिलेली आहे आणि तीत मोबदला न घेणारे कुटुंबीयही येतात. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये अधिक आधाराची गरज असणाऱ्या दिव्यांगांसाठी शुश्रूषा भत्त्याचा उल्लेख आहे, परंतु ती तरतूद सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत योजना आखण्याविषयीची आहे. त्यामुळे हा भत्ता उद्यापासून आपल्या खात्यात येईल, अशा समजुतीत कोणी राहू नये.

प्रत्यक्ष उपयोगाचे म्हणजे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र. बहुतेक सवलती त्यावर आणि दिव्यांगत्वाचे प्रमाण ४० टक्क्यांपेक्षा कमी नसण्यावर अवलंबून आहेत. मुलगा वडिलांचा खर्च करत असेल आणि त्याने जुनी करप्रणाली निवडली असेल, तर ८०डीडी या नावाने ओळखली जाणारी प्राप्तिकरातील वजावट त्याला मिळू शकते : ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वासाठी ७५,००० रुपये आणि ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपये, मग प्रत्यक्ष खर्च कितीही असो. वाचलेल्या करातून मदतनिसाच्या पगाराला हातभार लागेल. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिदिव्यांगांना रेल्वेत शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गाच्या भाड्यात ७५ टक्के सवलत असते आणि तेवढीच सोबत्यालाही मिळते, त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते.

---

मालवकन्या (राजेंद्रनगर, इंदूर)

सर्वांचे मनापासून आभार. चाकांची_खुर्ची यांचे लेखन मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले. पाण्याच्या पेल्याचा भाग आला तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझे मनगट धरले आणि बराच वेळ सोडले नाही. नंतर एकेक प्रश्न विचारत गेले. आंघोळीला आणि शौचाला पुरुष मदतनीस चालेल का, याला त्यांनी लगेच अंगठा वर केला. रात्री घरात परका माणूस झोपायला चालेल का, याला अंगठा खाली. बाईविषयी विचारले तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले, त्यावरून जे समजायचे ते समजले. आता सकाळचे चार तास पुरुष मदतनीस मिळतो का, याची चौकशी मुलाने बंगळुरूहून सुरू केली आहे.

मुलीला सगळे सांगितले. ती आली आणि मला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली. गर्भाशय दुसऱ्या पायरीपर्यंत खाली आलेले आहे. शस्त्रक्रिया हा एक मार्ग आणि तूर्त आत रिंग बसवणे हा दुसरा, असे त्यांनी सांगितले. शस्त्रक्रिया केली तर पुढे कित्येक आठवडे जड उचलता येणार नाही, आणि त्याच कारणाने मी घाबरले आहे. रात्रीच्या अंतराविषयी डॉक्टरांनी हवेची गादी घेऊन आधी तीन तास करून पाहावे आणि कातडी तपासत राहावी, असे म्हटले. व्यायामोपचार, रिंग बसवली तर उचलण्याची मुभा मिळते का? आणि ठोकळ्यांची उंची कशी ठरवावी?

---

व्यायामोपचार (इंदूर)

रिंग, म्हणजे पेसरी, खाली आलेल्या अवयवाला आधार देते, पण उचलण्याची मुभा देत नाही. जोर लागला की ती सरकू किंवा निसटूही शकते. ती ठरलेल्या मुदतीने काढून धुवावी लागते आणि दुर्गंधीयुक्त स्राव किंवा रक्त दिसले तर लगेच दाखवावे लागते. त्यासोबत ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम शिकून घ्या. लघवी अडवताना जे स्नायू आवळले जातात तेच आवळायचे आणि सैल सोडायचे असतात, मात्र हा व्यायाम लघवी चालू असताना करायचा नसतो. शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी पुरुष मदतनीस निदान महिनाभर रुळू द्या, म्हणजे तुम्ही रुग्णालयात असताना यजमानांना नव्या माणसाची सवय करावी लागणार नाही. साखर ८.७ असताना तातडीची नसलेली मोठी शस्त्रक्रिया बहुतेक सर्जन पुढे ढकलतात, तेव्हा तेवढ्या अवधीत गोळ्या नियमित घेऊन साखर खाली आणता येईल. तुमच्या गोळ्यांची डबी त्यांच्या डबीशेजारीच ठेवा आणि दोघांनी एकाच वेळी घ्या. मोतीबिंदूचेही याच काळात उरकून घ्या, कारण अंधुक दिसत असताना पलंग आणि खुर्ची यांमधले अंतर चुकते.

ठोकळ्यांचे माप हवेची गादी आल्यावरच घ्यायचे, आधी नाही. यजमानांना कडेला बसवून, गादी त्यांच्या वजनाने दबलेली असताना, जमिनीपासून मांडीखालच्या पातळीपर्यंत मोजा आणि ती कमोडच्या बैठकीइतकी आहे का ते पाहा. त्या वेळी त्यांचे दोन्ही तळवे फरशीवर सपाट टेकलेले असले पाहिजेत. टेकत नसतील तर पलंग तेथेच थांबवा आणि खुर्ची खाली घ्या. बहुतेक कमोड खुर्च्यांच्या पायांना उंची बदलण्याची भोके असतात. सुताराला ठोकळ्याची खोबण निदान दोन इंच खोल ठेवायला सांगा आणि चारही ठोकळ्यांखाली रबर लावून घ्या.